जमिनीत जाणारी तार

ठमाबाईला भातगिरणीनं धरलं ते सकाळच्या वेळी, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत सगळ्या कापडे गावात बातमी पोचली. पोचली ती अशी, की ठमाबाई विटाळाची गिरणीत शिरली आणि देवानं तिला जागच्या जागी शिक्षा केली. हात किती भाजला, बाई शुद्धीवर आली का, हे विचारायला कोणी थांबलंच नाही.

तुळसाला हे कळलं तेव्हा ती खळ्यावर भात वारवत होती. हातातलं सूप तिथंच टाकून ती घराकडे पळाली. ठमाबाई तिची धाकटी जाऊ. तुळसाचा नवरा हैबती मुंबईला कापडगिरणीत होता आणि ठमाबाईचा नवरा रावजी घरची शेती बघायचा. दोघी जावा एका घरात, एका चुलीवर, भांडत-हसत इतकी वर्षं नांदत आल्या होत्या. ठमाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात तिनं मांडीवर उताणा ठेवला होता, दुसऱ्या कोणाचा हात सांभाळायला घेतल्यासारखा. तळव्यावर आडवा काळा पट्टा उठला होता आणि दोन बोटं आत वळली होती ती सरळ होत नव्हती.

तुळसानं तिच्याकडून एकेक करून सगळं काढून घेतलं. घरातला तांदूळ संपला म्हणून ठमाबाई भाताची पाटी घेऊन खाली गेली होती. वरच्या वाडीतून गिरणीला जायचं तर मधला पऱ्या ओलांडावा लागतो. ओढ्याला पोटरीएवढं पाणी होतं. तशाच ओल्या पायांनी, निथळत्या लुगड्यानं ती गिरणीत शिरली आणि भात ओतताना तोल सावरायला तिनं मशीनच्या लोखंडी कडेवर हात टेकला. पुढचं तिला एवढंच आठवत होतं, की मूठ सोडायची होती आणि मूठ सुटत नव्हती. गिरणी चालवणाऱ्या मोरूनं खटका खाली ओढला तेव्हा ती जमिनीवर कोसळली.

तुळसानं विचारलं, मग हे विटाळाचं कोणी काढलं? ठमाबाईनं मान खाली घातली. सयाजीनं, ती म्हणाली. गिरणीचा मालक सयाजी आवाज ऐकून आत आला, तिच्याकडे एकदा बघून सगळ्यांच्या देखत बोलला.

"पण खरं हाय गो ते," ठमाबाई हळूच म्हणाली. "मी बाहेरचीच होते. झोडणीचे दिवस, घरात दुसरं कोण नाय, म्हणून सांगितलं नाय. माझंच पाप."

सयाजीला हे ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. त्यानं अंदाजानं दगड भिरकावला होता आणि तो नेमका लागला होता. तुळसाच्या अंगाचा भडका उडाला. भाजलेली बाई समोर पडली असताना माणसाच्या तोंडी पहिला शब्द हा यावा, आणि त्या बाईनं तो मुकाट्यानं पदरात घ्यावा, यातलं जास्त काय लागलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सयाजी भावकीतला होता, नात्यानं दोघींचा चुलत सासरा. साठ सालानंतर काही वर्षांनी कापड्यात वीज आली आणि पहिली गिरणी त्यानं टाकली. तोवर बाया पहाटे उठून मुसळानं भात सडत, नाहीतर पाट्या डोक्यावर घेऊन पोलादपूर गाठत. गिरणी आली तशी बायांच्या खांद्यांना उसंत मिळाली हे खरं, आणि ते सयाजी कोणाला विसरू देत नसे हेही खरं. मशीनला तो दर मंगळवारी हार घालायचा.

दुसऱ्या दिवशी तुळसाच भाताची पाटी घेऊन गिरणीवर गेली. दाराशी बायांची रांग थांबलेली होती. सयाजीनं नवा नियम काढला होता. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला दारात विचारायचं, आज बाहेरची आहेस का. विचारायचं काम सयाजीच्या पुतण्यावर, मोरूवर आलं होतं. तो जमिनीकडे बघत विचारत होता आणि बाया पदर तोंडाला लावून मान हलवत होत्या. तुळसाच्या पुढं शेजारची बयाबाई होती. तिच्या डोक्यावरचा केस न केस पांढरा झालेला. मोरूनं तिलाही विचारलं. बयाबाईनं त्याच्याकडे एवढा वेळ बघितलं की त्याचे कान लाल झाले, आणि मग ती म्हणाली की तुझ्या आजीची आणि माझी लग्नं एकाच मांडवात झाली, तिला जाऊन विचार. कोणी हसलं नाही. तुळसानं पाटी डोक्यावर तशीच ठेवून पाठ फिरवली आणि न सडलेलं भात घेऊन ती घरी परत आली.

घरी रावजी वेगळाच निरोप घेऊन बसला होता. सयाजीचं म्हणणं होतं, ठमाबाईनं चार माणसांसमोर मशीनपुढं नारळ ठेवावा आणि चूक झाली म्हणावं. रावजी तयार होता. भावकीत वितुष्ट कशाला, एक नारळ ठेवला की विषय मिटला, असं त्याचं मत.

"आणि हिच्या हाताचं काय?" तुळसानं विचारलं.

रावजी चिडला नाही. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "वयनी, काकानं काल सगळ्यांसमोर मशीन चालू करून त्यावर हात ठेवला. चांगला दाबून ठेवला. त्याला काय झालं नाय. मग हिलाच कसं धरलं? तुमीच सांगा."

रागाला उत्तर नसलं की राग आतल्या आत कुजतो, तसं तिचं झालं. मशीन तेच, करंट तोच. सयाजीला काही नाही आणि ठमाबाईचा हात गेला. ठमाबाई खरंच बाहेरची होती. जे रावजी बोलत होता ते खोटं पाडायला तिच्याजवळ तिच्या रागाखेरीज काही नव्हतं.

ठमाबाईच्या हाताची पट्टी बदलायला महाडला जावं लागे. पुढच्या खेपेला तुळसा तिच्यासोबत निघाली आणि बयाबाईलाही तिनं बरोबर घेतलं. बयाबाईचा भाचा उतेकर मास्तर महाडच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. एसटीतून उतरल्यावर ठमाबाईला बयाबाईच्या सोबतीनं दवाखान्याच्या बाकावर बसवून तुळसा एकटीच विचारत विचारत शाळेत गेली. शाळा सुटायची वेळ होती. मास्तर प्रयोगाच्या खोलीत काचेची भांडी कपाटात लावत होते. मावशीच्या गावची म्हणून त्यांनी तिला ओळखलं, बसायला स्टूल दिलं. तुळसा बसली नाही. तिनं घडलेलं सगळं उभ्यानं सांगितलं, फक्त ठमाबाईची ती एक गोष्ट सोडून, आणि विचारलं, सयाजीला न धरणारा करंट ठमाबाईला कसा धरतो.

मास्तर सवयीनं म्हणाले की आपण पाण्याच्या पाटाचं उदाहरण घेऊ.

"पाटाचं नको, मास्तर," तुळसा म्हणाली. "पाट मला ठाऊक हाय. विजेचंच सांगा."

मास्तर थोडे ओशाळले. मग त्यांनी कपाटातून एक बॅटरी काढली, एक छोटा दिवा आणि दोन तांब्याच्या पट्ट्या काढल्या. दिवा आणि बॅटरी तारेनं जोडून मधे तार तोडून ठेवली आणि तोडलेल्या दोन्ही टोकांना त्या पट्ट्या लावल्या. पट्ट्या एकमेकींना टेकवल्या की दिवा झगझगीत पेटे. मधे लाकडी फूटपट्टी धरली, दिवा मेला. चामड्याचा तुकडा धरला, तरी मेलेलाच. पट्ट्या पेल्यातल्या साध्या पाण्यात बुडवल्या तरी दिव्यात काही दिसलं नाही. मास्तरांनी पाण्यात मूठभर मीठ टाकून ढवळलं, आणि दिव्यातली तार तांबूस झाली, मग चांगली पिवळी झाली.

मास्तर म्हणाले, "बॅटरी मी बदलली नाही. तिच्यातून वीज ढकलणारा जो दाब, तो सगळा वेळ एकच आहे. बदलली ती मधली वाट. वाटेत जो अडथळा असतो त्याला आम्ही रोध म्हणतो. लाकडाचा, चामड्याचा रोध फार मोठा. तिथून वीज जवळजवळ वाहतच नाही. मिठाच्या पाण्याचा रोध कमी, तिथून वाहते. दाब तोच आणि रोध कमी, म्हणजे प्रवाह जास्त. माणसाला इजा करतो तो हा प्रवाह. तुमचे सयाजीराव मशीनला हात लावताना कशावर उभे होते?"

तुळसाच्या डोळ्यांपुढं सयाजी उभा राहिला. गिरणीत मशीनपुढं हल्ली एक लाकडी फळी टाकलेली असे. सयाजी आणि मोरू नेहमी तिच्यावर उभे राहून काम करत. सयाजीच्या पायात जाड चामडी वहाणा. तिला आणखी एक गोष्ट आठवली. गेले काही दिवस बाया म्हणत होत्या की मशीनला हात लागला तर मुंग्या येतात, आणि मोरू सांगे की लांबूनच ओता.

पण तिचं समाधान झालं नव्हतं. पाणी आणि मीठ झालं. बाईचं काय? मास्तरांनी मग एक काट्याचं मीटर काढलं आणि दिव्याच्या जागी जोडलं. पितळेच्या दोन दांड्या तिच्या हातात दिल्या. या बॅटरीचा दाब इतका थोडा की तुम्हाला काही कळणारही नाही, गिरणीच्या तारेत याच्या कितीतरी पट असतो, असं बजावून त्यांनी तिला काटा बघायला सांगितलं. कोरड्या हातांनी काटा जेमतेम हलला. हात भिजवून धरल्यावर तो सरकन पुढं गेला. मास्तरांनी स्वतःचे हात भिजवून धरले, काटा तिथंच गेला. दारातून डोकावणाऱ्या शाळेच्या शिपायालाही त्यांनी बोलावलं. त्याचाही काटा त्यांच्याच आसपास.

शिपाई गेल्यावर तुळसा तिथंच उभी राहिली. मास्तरांना वाटलं ती निघेल. ती निघाली नाही.

"मास्तर, सयाजीमामंजी म्हणतात ती विटाळाची होती म्हणून धरलं," ती म्हणाली. हे सांगताना तिनं पदर नीट डोक्यावर घेतला, पण नजर खाली घातली नाही. "मी आज बाहेरची हाय. घरात कोणाला सांगितलं नाय, तशीच आले. तुमच्या दांड्या मघाशी माझ्याच हातात होत्या."

मास्तरांच्या घरीही चार दिवस बाजूला बसायची रीत होती आणि त्यांनी ती कधी मोडली नव्हती. त्यांनी दांड्या उचलल्या, पुसल्या आणि पुन्हा तिच्या हातात दिल्या. म्हणाले, पुन्हा बघा, ताई. हात भिजवा. तुळसानं हात भिजवले. काटा मघा होता तिथंच जाऊन उभा राहिला, मास्तरांचा आणि शिपायाचा जिथं गेला होता तिथंच.

"काट्याला दुसरं काही कळत नाही," मास्तर म्हणाले. "ओलं आणि कोरडं, एवढंच कळतं."

तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं. एवढी साधी गोष्ट, आणि ठमाबाई तिकडे दवाखान्याच्या बाकावर स्वतःचं पाप मोजत बसली होती.

ती निघताना मास्तरांनीच तिला थांबवलं. मुळात मशीनच्या अंगात वीज यायलाच नको होती, ते म्हणाले. मोटारीच्या आतल्या तारेचं आवरण कुठंतरी खरवडलं असेल आणि ती लोखंडाला टेकली असेल. तसं होतंही. पण त्यासाठीच मशीनच्या अंगाला एक उघडी तार बांधून ती बाहेर जमिनीत पुरलेली असते. लोखंडात वीज आली की ती त्या तारेनं जमिनीत जाते. त्या वाटेचा रोध इतका कमी, की एकदम मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज वितळतो आणि मशीन बंद पडतं. मशीन बंद पडतं पण माणूस वाचतो. ती तार गिरणीत आहे का, ते आधी बघा.

तार होती. गिरणी नवी असताना तुळसानं ती पाहिलीही होती, मशीनच्या पायापासून भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली. दुसऱ्या दिवशी ती गिरणीच्या मागच्या बाजूला गेली. भिंतीतून वीतभर तार बाहेर आली होती आणि तिथं संपली होती. खाली मुरुमात दुसरं टोक उभं होतं. मधला तुकडा नव्हता. दोन्ही टोकं पक्कडीनं दाबून कापल्यासारखी चपटी होती.

मोरू मागच्या पडवीत कोंडा भरत होता. तुळसानं त्याला जवळ बोलावलं आणि ते टोक दाखवलं. पहिल्यांदा तो म्हणाला तुटली असेल. तुळसा तिथून हलली नाही. मग मोरूनं घमेलं खाली ठेवलं. भातकापणी संपल्यापासून फ्यूज सारखा उडायचा, तो म्हणाला. जोडला की उडायचा. दारात पाट्या घेऊन माणसं थांबलेली. काकानं कोणाकडून ऐकलं की ही तार काढली की फ्यूज उडत नाही. मोरूनं तोडायला नाही म्हटलं तेव्हा काकानं स्वतः पक्कड घेतली. फ्यूज उडायचा थांबला, आणि त्याच दिवसापासून मुंग्या यायला लागल्या.

"मग फळी टाकलीत ती तुमच्यापुरती," तुळसा म्हणाली.

मोरू पुन्हा घमेल्याकडे वाकला. ठमाबाई पडली तेव्हा खटका त्यानंच ओढला होता. तिचा आवाज अजून कानात आहे, एवढंच तो म्हणाला.

सोमवारी सयाजीनं गिरणीच्या अंगणात माणसं जमवली. गावचे जुनेजाणते कुशाबा मधे घोंगडीवर बसले. रावजी नारळ घेऊन आला होता. ठमाबाई आली नव्हती. तिला ताप आहे असं रावजीनं सांगितलं, पण ताप नव्हता. तुळसानंच तिला घरी बसवलं होतं. बाया कडेला उभ्या होत्या. सयाजीनं सुरुवात केली ती आपण गावासाठी किती केलं इथपासून. मग तो म्हणाला की मशीन हे देवासारखं असतं, त्याला पावित्र्य लागतं. मी त्याची पूजा करतो, मला ते धरत नाही. ज्याला शंका असेल त्यानं बघावं. त्यानं मोरूला मशीन चालू करायला सांगितलं, आत जाऊन फळीवर उभा राहिला आणि लोखंडी कडेवर हात ठेवून दाराकडे वळून बघितलं. माणसांनी माना डोलावल्या. रावजीनं नारळ पुढं केला.

तुळसा बायांच्या घोळक्यातून निघाली. अंगणातल्या पिंपातून तिनं हंडा भरला. सासऱ्यासमोर कधी मोठ्यानं न बोललेली बाई भरला हंडा घेऊन पुरुषांच्या मधून गिरणीत शिरली तेव्हा तिला कोणी अडवलं नाही, कारण ती काय करते आहे ते कोणाला समजलंच नाही. तिनं हंडा मशीनपुढच्या जमिनीवर ओतला. पाणी फळीच्या कडेनं पसरलं.

"मामंजी," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला. "वहाणा काढा. फळीवरून खाली उतरा. ठमा जशी ओल्या पायांनी उभी होती तसे उभे राहा आणि मग हात ठेवा. तुमाला काय झालं नाय तर ती नारळ ठेवील, आणि तिच्याबरोबर मीसुद्धा ठेवीन."

कुशाबांनी तिला दटावलं की बाईमाणसानं असं बोलू नये. पण त्यांचीही नजर सयाजीवर गेली. सयाजी हसला. हात तोवर त्यानं कडेवरून काढला होता. हे काय पोरखेळ, असं काहीतरी तो म्हणाला. बाया पुढं सरकून दारात आल्या होत्या. त्याला काहीतरी करणं भाग होतं. त्यानं डाव्या पायाची वहाण अर्धी सोडली. टाच बाहेर आली. पाण्यावर तो पाय तसाच अधांतरी राहिला. सगळं अंगण त्या एका पायाकडे बघत होतं. तो खरंच उतरला तर काय होईल हे तिथं उभ्या असलेल्यांत तुळसाला आणि मोरूलाच नक्की ठाऊक होतं. मोरूचा हात खटक्यावर गेला होता.

सयाजीनं टाच परत वहाणेत घातली.

मोरूनं खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला. त्या शांततेत मोरू म्हणाला, "जमिनीत जाणारी तार काकानं तोडली. फ्यूज उडत होता म्हणून. त्यामुळे ठमावयनीला धरलं."

सयाजी म्हणाला की तारेचं काय काम असतं ते त्याला माहीत नव्हतं. तुळसानं विचारलं, मग खाली का उतरला नाहीत? रावजी नारळाकडे बघत उभा राहिला, मग तो नारळ घेऊन एकटाच घरी गेला.

एवढं झाल्यावर सयाजीला लाज वाटेल आणि गाव ठमाबाईच्या दारी येईल अशी तुळसाची समजूत होती. तसं काही झालं नाही. मोरू महाडला जाऊन विजेच्या ऑफिसात सांगून आला, तिथला माणूस आला, त्यानं मशीन तपासलं आणि दुरुस्ती होईपर्यंत गिरणीची वीज तोडली. ते त्याचं कामच होतं. पण गिरणी बंद पडली तशी माणसं तुळसावर घसरली. पुन्हा मुसळं काढावी लागली, पोलादपूरच्या खेपा सुरू झाल्या, आणि पाणवठ्यावर तिला ऐकू येईल अशा आवाजात बाया म्हणू लागल्या की एका बाईच्या हट्टापायी सगळ्यांचे खांदे मोडले. ज्या बायांना दारात मान हलवायला लावलं होतं त्याच या. तुळसा एकदा तांब्या आपटून म्हणाली की पुढची बाई तुमच्या घरातली असती. त्यावर एकीनं फक्त घागर उचलली आणि ती निघून गेली. कुशाबांचं म्हणणं पडलं की झालं ते झालं, तार जोडून घ्यावी आणि विषय वाढवू नये. नारळाचं पुन्हा कोणी काढलं नाही, पण ठमाबाईचं काही चुकलं नव्हतं हेही कोणी उच्चारलं नाही.

ठमाबाई घराबाहेर पडत नव्हती. तुळसानं तिला मीटरच्या काट्याचं सांगितलं होतं, स्वतःचंही सांगितलं होतं. ठमाबाईनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, तू मास्तराला ते तोंडानं सांगितलंस? तुळसा हो म्हणाली. ठमाबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा डाव्या हातानं भाकरी थापून बघितली. भाकरी फाटली. तिनं पीठ गोळा केलं आणि पुन्हा थापली.

मोटार दुरुस्त होऊन आली तेव्हा जमिनीतली तार नव्यानं घालायची होती. ऑफिसचा माणूस आला, रविवार होता म्हणून उतेकर मास्तरही मावशीकडे आलेले होते, तेही येऊन उभे राहिले. गिरणीमागं खड्डा खणला. ऑफिसच्या माणसानं एका दिव्याची एक तार विजेला जोडली आणि दुसरी जमिनीतल्या जुन्या टोकाला लावली. भातकापणीच्या वेळी ओलसर असलेला मुरूम आता खडखडीत वाळला होता. दिव्यात नुसती लालसर रेघ दिसली. माणूस म्हणाला, एवढ्यानं फ्यूज उडणार नाही, इथला रोध फार आहे. मग खड्ड्यात नवा धातूचा पत्रा उभा पुरला, त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. पाणी आणायला सयाजीनं मोरूला हाक मारली, पण बायाच कळश्या घेऊन पुढं आल्या. पाणवठ्यावर टोमणे मारणाऱ्याही त्यांत होत्या. पाणी मुरत गेलं. दिवा पुन्हा लावला तेव्हा तो घरातल्या दिव्यासारखा लख्ख पेटला, आणि बायांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. तुळसाला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

तार मशीनला जोडून झाली. सयाजी हात पुसत पुढं आला आणि जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तार तुटली होती, म्हणून सगळा घोटाळा झाला. आता जोडली. मिटलं."

तुळसा तोंड उघडणार तोच मागून आवाज आला. ठमाबाई आली होती. कधी आली ते कोणी पाहिलं नव्हतं. पट्टी बांधलेला हात तिनं पदराबाहेर काढला.

"तुटली नव्हती, मामंजी," ती म्हणाली. "तोडली होती."

सयाजी म्हणाला, तेच ते. ठमाबाई म्हणाली, ते नाही. ती जागची हलली नाही. एकेक करून बाया तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. ऑफिसचा माणूस हत्यारं गोळा करायची थांबला. सयाजीनं आधाराला कुशाबांकडे बघितलं. कुशाबांनी काठीवर हनुवटी टेकली होती. ते म्हणाले, "बोल ना, सयाजी. बाई विचारते हाय."

"तोडली," सयाजी म्हणाला.

"कोणी?" ठमाबाईनं विचारलं.

"मी."

तो जमिनीकडे बघून बोलला आणि लगेच गिरणीत निघून गेला. त्या दिवशी मशीन चालू झालं तेव्हा दारात कोणी कोणाला काही विचारलं नाही. ठमाबाईची दोन बोटं मात्र पुढं कधी सरळ झाली नाहीत.

दोघी घराकडे निघाल्या. तुळसाचा राग उतरलेला नव्हता. तो कसा उतरणार, हेच तिला समजत नव्हतं. वाडीच्या तोंडाशी आल्यावर ठमाबाई म्हणाली की तो फार हळू बोलला, मागच्यांना काही ऐकू गेलं नसेल.

"मग आपण सांगू," तुळसा म्हणाली.

वाडीच्या पहिल्याच घराची बाई अंगण सारवत होती. दोघी तिच्या अंगणाशी थांबल्या आणि ठमाबाईनं सांगायला सुरुवात केली.